चार रोपं, आठ मिरच्या आणि दह्याचे डबे

"तुमच्याकडे म्हणे गांजा कुंडीत लावतात?"

कॅनडाहून ठाण्यात पाचपाखाडीला माहेरी येऊन मला दहा दिवस झाले आणि हा प्रश्न चार जणांनी विचारून झालाय. तिघांनी आवाज खाली करून. त्यातल्या एका काकांनी तर गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या आड बोलावून. बाबांनी मात्र आमटी वाढून घेता घेता सगळ्यांसमोर विचारलं, आणि आईने डावावरून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुंडीसकट विमानातून उतरले आहे.

तर एकदाच सांगते. हो, लावतात. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून ते कायदेशीर आहे. घरटी चार झाडं. माणशी नव्हे, घरटी. घरात सहा मोठी माणसं असली तरी चारच. बी किंवा रोप परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यायचं, आणि मी राहते त्या ऑन्टारियो प्रांतात वय १९ पूर्ण हवं. गंमत म्हणजे आमचं ऑटवा नदीच्या अलीकडे आणि पलीकडच्या काठावर क्युबेक प्रांत, जिथे घरी एकही झाड चालत नाही. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२३ मध्ये न्यायालयाने क्युबेकची बंदी कायम ठेवली. म्हणजे ठाण्यात चालतं आणि कळव्याचा पूल ओलांडला की गुन्हा, असा प्रकार.

इथे मात्र पुलाच्या दोन्ही बाजूंना गुन्हाच. अमली पदार्थांविरुद्धच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे. चादरींच्या आडचे काका हे वाचत असतील तर त्यांनी मोगराच लावावा.

मी स्वतः लावते मिरच्या. पण रोप एका भांड्यातून दुसऱ्यात कसं हलवायचं हे मला शिकवलं ते शेजारच्या आजोबांनी, आणि त्यांच्या परसात चार झाडं गांजाची असतात. निवृत्त बसचालक, गुडघे दुखतात, बोलतात कमी. कुंपणाच्या या बाजूला माझ्या मिरच्या मरत होत्या आणि त्या बाजूला त्यांची झाडं खांद्याएवढी. मला शेवटी विचारावंच लागलं.

आधी तिथली हवा समजून घ्या. ठाण्यात आई हवं तेव्हा मातीत बोट खुपसून बी टाकते. ऑटवात मेच्या पूर्वार्धातही रात्री दहिवर गोठू शकतं. २५ मेच्या आधीच्या सोमवारी व्हिक्टोरिया डेची सुट्टी असते, तोवर नाजूक काही बाहेर लावायचं नाही असा तिथला रिवाज. म्हणून बी मार्चमध्येच घरात रुजवायचं, दिव्याखाली वाढवायचं, आणि मग एकदा-दोनदा भांडं बदलून मेअखेर बाहेर काढायचं. सगळी मेख त्या भांडं बदलण्यात आहे.

पहिल्या वर्षी मी लाडाने घात केला. भारतीय दुकानातल्या ओल्या लाल मिरच्यांचं बी काढून रुजवलं. दोन पानं फुटली न फुटली तोच रोपं उचलली आणि थेट वीस लिटरच्या रंगाच्या बादल्यांत लावली. मोठं घर दिलं की पोर लवकर मोठं होईल, असा हिशोब. मुळं दोऱ्याएवढी, माती बादलीभर, आणि मी रोज सकाळी पाणी घालतेय. ते पाणी प्यायला मुळंच नाहीत, त्यामुळे माती आठवडाभर ओली चिंब. मातीलगत देठ तपकिरी झाला, बारीक झाला, आणि एकेक रोप मान टाकून आडवं झालं. ती बुरशी असते, ओल्या मातीत आणि कोंडलेल्या हवेत फोफावते. आजोबांनी कुंपणावरून बादलीत डोकावून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "बाळाला बापाचे बूट घातलेस."

दुसऱ्या वर्षी मी ठरवलं, घाईच करायची नाही. दह्याच्या डब्यांना बुडाशी भोकं पाडून त्यांत रोपं लावली आणि मेच्या शेवटापर्यंत तिथेच ठेवली. डबा कापला तर आत माती कमी आणि मुळंच जास्त, शेवयांच्या गुंडाळीसारखी गोल गोल फिरलेली. अशी मुळं नव्या मातीतही त्याच चक्रात फिरत राहतात. रोपं तीन आठवडे ढिम्म हलली नाहीत. सप्टेंबरमध्ये थंडी आली तोवर सगळ्या झाडांच्या मिळून आठ मिरच्या. मोजल्यात. नवऱ्याने फोटो काढून दोन्ही घरच्या ग्रुपवर टाकला, तोही मोजून.

हे मी आईला फोनवर सांगत होते तर ती हसायला लागली. तिचं माहेर मुरबाडकडचं, भातशेतीचं. लावणीसाठी वाढवलेल्या भाताच्या रोपांना तिथे आवण म्हणतात. "अगं, आवण तीन आठवड्यांचं झालं की लावणी उरकायची. पाऊस रेंगाळला आणि आवण जून झालं की मग फुटवे येत नाहीत. मिरचीला वेगळा देव आहे का?"

देव वेगळा नव्हता. फरक एवढाच की भाताचं आवण उपटून, मुळं पाण्यात झोडपून, मुठी बांधून चिखलात रोवलं तरी ते उभं राहतं. कुंडीतल्या रोपाच्या मुळाशी असा दांडगावा चालत नाही.

तिसऱ्या वर्षी आजोबांनी मला त्यांच्या तळघरात बोलावलं आणि करताना बघायला सांगितलं. त्यांची रोपं अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या पेल्यांत होती, साधारण तीन आठवड्यांची. पण ते तारखा बघत नाहीत. बी उगवल्यावर पहिली दोन गुळगुळीत पानं येतात ती धरायची नाहीत, त्यानंतरची कातरलेली खरी पानं मोजायची. त्यांच्या तीन-चार जोड्या झाल्या, पानांची टोकं पेल्याच्या काठाबाहेर गेली, बुडाच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावली, आणि पेला आधीपेक्षा लवकर सुकायला लागला, की रोप तयार. मुळं पांढरी हवीत. तपकिरी आणि वास मारणारी असतील तर भांडं बदलून उपयोग नाही, पाणी जास्त होतंय.

आदल्या संध्याकाळी त्यांनी पाणी घातलं होतं. ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. कोरडी माती भुगा होऊन गळते आणि बारीक मुळं तोडत नेते. लगेच घातलेल्या पाण्याने चिखल होतो. आदल्या दिवशीच्या पाण्याने मातीचा गोळा वडीसारखा धरून राहतो.

नवी कुंडी चार लिटरची, त्यात ओलसर भुसभुशीत माती. मध्ये तसाच एक रिकामा पेला दाबून खड्डा केला, म्हणजे माप चुकायला नको. मग रोपाचा देठ दोन बोटांच्या बेचक्यात घेऊन तळवा मातीवर ठेवला, पेला उलटा केला आणि बुडावर दुसऱ्या हाताने दोन टिचक्या मारल्या. गोळा अलगद तळव्यावर. देठ धरून ओढायचा नाही. पान एखादं फाटलं तर दुसरं येईल, देठ मुरगळला तर सगळंच गेलं. गोळा खड्ड्यात बसवला, कडेची माती बोटांनी हलकेच लोटली. ठोकून बसवली नाही. लांबुडकं, उजेडासाठी ताणलेलं रोप त्यांनी पहिल्या पानांच्या खालपर्यंत पुरलं, कारण त्या देठालाही मुळं फुटतात. टोमॅटोचंही तसंच. मिरचीचा देठ त्या मानाने आळशी, म्हणून मी मिरची फार खोल लावत नाही.

मग कडेकडेने थोडं पाणी, दोन दिवस दिवा जरा उंच, आणि आठवडाभर खत नाही. पहिल्या दिवशी पानं लोंबतात. तेव्हा घाबरून पुन्हा पाणी ओतलं की झालं पहिल्या वर्षासारखं. कुंडी उचलून बघायची, हलकी लागली तरच पाणी.

त्यांच्या चारांपैकी एक मात्र पहिल्यापासून मोठ्या कुंडीतच होतं. तो ऑटोफ्लॉवर नावाचा प्रकार. बाकीची झाडं रात्र मोठी व्हायला लागली की फुलावर येतात, हे मात्र आपलं वय बघून फुलतं. आयुष्य एवढं तोकडं की भांडं बदलल्याच्या धक्क्यातून सावरायलाही त्याला सवड नसते. त्याला जागेवरच रुजवायचं आणि पाणी रोपाभोवती घोटभर घालायचं, कुंडीभर नाही.

मेमध्ये रोपं बाहेर काढायची तीही एकदम नाही. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग दोन तास, असं आठ-दहा दिवस. खिडकीतल्या रोपाला खरं ऊन आणि वारा माहीतच नसतो, पानं भाजून पांढरी पडतात. मी रोज कामावर जायच्या आधी ट्रे आत-बाहेर करायचे आणि आजोबा पलीकडे त्यांच्या कुंड्या. हातात काहीतरी असलं की गप्प माणसंही बोलतात. त्यांचा भाऊ पलीकडच्या काठावर राहतो, दर रविवारी येऊन झाडं बघून जातो, हे मला तेव्हा कळलं.

त्या वर्षी मिरच्या किती आल्या ते मोजलं नाही. ठेचा झाला, लोणचं झालं, एक बरणी कुंपणापलीकडे गेली. आजोबांनी ठेचा ब्रेडला जॅमसारखा लावला. पुढचं सांगत नाही.

काल संध्याकाळी आईने गॅलरीतून श्रीखंडाचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला. त्यात सहा टोमॅटोची रोपं दाटीवाटीने उभी. बाजूला जांभळी नाक्यावरून आणलेल्या दोन कुंड्या, माती भरून तयार. मी डबा उचलून बुडाशी पाहिलं. तीन भोकांतून पांढरे धागे आले होते.

"आज पाणी घातलंस?"

"आत्ताच."

"मग उद्या लावू."

बाबा तांब्या घेऊन उठलेच होते. आईने त्यांच्या हातातून तांब्या काढून घेतला.