हुक तुटलेली स्प्रिंग

रविवार, रात्री साडेनऊ

तीन आठवड्यांनंतर आज ट्रॅक्टर जागचा हलला. हात अजून काळेच आहेत, पण आकडे डोक्यात ताजे आहेत तोवर लिहून ठेवतो.

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील या घराबरोबर आमच्या वाट्याला गवत कापायचा एक छोटा ट्रॅक्टर आला, व्हील हॉर्स सी-१२०. तो १९७०च्या दशकातला आहे, त्याला एका सिलिंडरचे १२ अश्वशक्तीचे कोहलर इंजिन आहे, आणि ज्या साउथ बेंड गावात तो बनला ते इथून तासाभराच्या अंतरावर आहे. इंजिनाचा जोर गिअरबॉक्सपर्यंत पट्ट्याने जातो. तो पट्टा एक पुली ताणून धरते आणि त्या पुलीला बोटाएवढी स्प्रिंग ओढून धरते. क्लचचे पेडल दाबले की पुली मागे सरते, पट्टा सैल पडतो आणि ट्रॅक्टर थांबतो. मागच्या महिन्यात गवत कापताना खालून ‘टण्ण’ असा आवाज आला; इंजिन धडधडत राहिले, पण चाके फिरेनात.

स्प्रिंगचा हुक तार वळते नेमक्या त्या बाकातच तुटला होता. तुटलेल्या तोंडावर भिंग धरले तेव्हा अर्धा भाग जुन्या गंजाने तपकिरी आणि उरलेला अर्धा नव्या धातूसारखा चमकणारा दिसला. म्हणजे तडा कधीचाच गेला होता आणि उरलेल्या अर्ध्या तारेवर मी बेफिकीर गवत कापत होतो. ताणाच्या स्प्रिंगा बहुधा इथेच तुटतात, कारण वेढ्यांमधील तारेला पीळ बसतो, तर हुकाच्या बाकात ती वाकतही असते.

पहिले दोन आठवडे मी सुट्या भागाच्या क्रमांकामागे धावण्यात घालवले, याची आता थोडी लाज वाटते. १९४६ साली सुरू झालेली व्हील हॉर्स कंपनी १९७४ मध्ये अमेरिकन मोटर्सकडे गेली आणि १९८६ मध्ये टोरो कंपनीने घेतली. इतक्या हातांतून फिरलेल्या यंत्राचा क्रमांक अजूनही विक्रेत्याच्या संगणकात सापडतो, हेच मला नवल वाटले; मात्र त्यापुढे ‘उत्पादन बंद’ एवढेच दोन शब्द होते. नंतर एका भंगारवाल्याकडे तसाच ट्रॅक्टर मिळाला आणि त्याची स्प्रिंग काढून आणली, पण तिचे वेढे आधीच एकमेकांपासून सुटले होते. जुन्या यंत्राची स्प्रिंग दुसऱ्या जुन्या यंत्राला लावणे म्हणजे म्हाताऱ्याने म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवण्यासारखे आहे. तिसरा प्रयत्न हार्डवेअरच्या दुकानातील, डोळ्यांना हुबेहूब वाटणाऱ्या स्प्रिंगचा. ती बसली, पण पेडल दाबायला दोन्ही पाय लागतील की काय असे वाटले.

शेवटी कोल्हापूरला आप्पांना फोन केला. शिवाजी उद्यमनगरात त्यांचा वर्कशॉप आहे आणि त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या यंत्रांना कंपनीची पाटीही उरलेली नसते. मी क्रमांकाची सगळी कहाणी सांगितली. ती ऐकून घेऊन ते म्हणाले, “अरे, नंबर घेऊन काय करायचंय? तार मोज, वेढे मोज, अन् हुकांची तोंडं कुठं आहेत ते बघ.”

त्या रात्री व्हर्नियर घेऊन बसलो. तार ०.१०५ इंच, बाहेरचा व्यास ०.७५० इंच, वेढे २८. वेढ्यांचा भाग मोजला तर जवळजवळ ३.३ इंच भरला, आणि मी तीच लांबी लिहून मोकळा होणार होतो. पण ही स्प्रिंग मुळात वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळलेली असते. तेव्हा २८ वेढ्यांत एक मिळवून तारेच्या जाडीने गुणले की खरी लांबी निघते, ती ३.०५ इंच. उरलेला पाव इंच म्हणजे इतक्या वर्षांचा थकवा होता. दुकानातील स्प्रिंगची तार ०.१२५ इंच निघाली. फरक अवघा ०.०२० इंचाचा, पण स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे एवढ्यानेच तो दुप्पट झाला, शिवाय तिचे वेढेही कमी होते. पेडलचे गूढ उलगडले. ती तशीच ठेवली असती, तर पुलीच्या बेअरिंगने आणि पट्ट्याने त्याची किंमत मोजली असती.

ताठपणाच्या या सूत्रावर नुसता विश्वास ठेवणे माझ्या स्वभावात नाही. तुटलेल्या टोकाचा एक वेढा पक्कडीने उचलून हुक केला, स्प्रिंग गॅरेजच्या तुळईला टांगली आणि खाली बादली अडकवली. तीन गॅलन पाणी ओतून खूण केली, मग आणखी दोन गॅलन ओतले. त्या दोन गॅलनच्या १६.७ पौंडांनी स्प्रिंग सुमारे ०.७ इंच लांबली, म्हणजे इंचाला २४ पौंड. उरलेले २७ वेढे धरून सूत्रानेही २४च दिले. रिकामी बादली टांगल्यापासून मोजायचे नाही, कारण चिकटलेले वेढे आधी एकमेकांना सोडायलाच थोडा जोर खातात. हे मला पहिल्या, फसलेल्या मोजणीने शिकवले.

हे आकडे घेऊन एका लहान स्प्रिंग गुंडाळणाऱ्याकडे गेलो. त्याने ट्रॅक्टरचे नावही विचारले नाही. तार, व्यास, वेढे आणि दोन हुकांमधील आतली लांबी एवढे लिहून घेतले, आणि दोन्ही हुक एकाच पातळीत हवेत की काटकोनात, एवढाच एक प्रश्न केला. मी खिशातून जुना तुकडा काढून दाखवला. एकच स्प्रिंग करणे त्याला परवडणारे नव्हते, म्हणून सहा घेतल्या.

बसवताना हुकात सुतळीचा फास अडकवून ओढले, कारण पेचकसाने रेटताना तो निसटला तर थेट तोंडावर येतो. पेडल आता एका पायाने, सावकाश, शेवटपर्यंत जाते. अंगणात दोन फेऱ्या मारल्या, तेवढ्यात अंधार पडला. उरलेल्या पाच स्प्रिंगा तेलाचा हात फिरवून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या आहेत आणि मोजमापांची चिठ्ठी झाकणाला आतून चिकटवली आहे. गुडघाभर वाढलेले गवत उद्या.