मीटर, ग्रॅम आणि मोरपंखी निळा

सोमवार, रात्र

मफलरच्या शेवटच्या ओळी उरल्यात. सगळा सुलट टाक्यांचा, त्यामुळे हात चालू आणि डोकं रिकामं. रिकामं डोकं लगेच पुढच्या कामाकडे धावतं. आज ते मोरपंखी निळ्या स्वेटरकडे धावलं. घरात लोकर नाही अशातला भाग नाही. कपाटात गुंड्यांची नुसती दाटी झालीय, पण त्यात स्वेटरभर एका रंगाची लोकर निघेल तर शपथ! विणणं हा एक छंद आणि लोकर घेणं हा दुसरा. दोन्ही एकाच माणसाला जडले की दुसरा कायम चार पावलं पुढे असतो.

विणायला दोन्ही हात लागतात हे एका अर्थी बरंच आहे, नाहीतर ऑनलाइन खरेदी विणता विणताच झाली असती. शेवटी सुया खाली ठेवल्या आणि मोबाईल घेतला. निळे किती ते! समुद्री, शाई, नीळ, आणि हवा तो मोरपंखी. पण रात्री रंग ठरवायचा नाही, हा माझा नियम. स्क्रीनचा रंग म्हणजे थेट डोळ्यांत येणारा दिव्याचा उजेड, आणि लोकरीचा रंग म्हणजे तिच्यावर पडलेल्या उजेडातलं ती जे परत पाठवते ते. दोन्ही तंतोतंत जुळायचे कसे? त्यात रात्री मोबाईल स्वतःच पिवळट झालेला असतो. मोरपंखी तर निळ्या-हिरव्याच्या कुंपणावरच बसलेला, तो कुठल्याही बाजूला उडी मारतो. दुकानाच्या फोटोपेक्षा मला गिऱ्हाइकांनी विणून, खिडकीजवळ धरून काढलेले ओबडधोबड फोटो जास्त उपयोगी वाटतात. विणल्यावर टाक्याटाक्याची बारीक सावली पडते आणि गुंड्यात दिसणारा रंग अनेकदा थोडा गडद होतो, तो तिथे कळतो.

बुधवार

दिवसाउजेडी रंग ठरला. आता खरं काम.

लोकर हाताने निवडायची वस्तू. चिमटीत धरून, गालाला लावून, थोडी ताणून. ऑनलाइन यातलं काहीच करता येत नाही, म्हणून आकड्यांना हात मानायचं. ‘मऊ, उबदार, आलिशान’ हे शब्द मी आताशा वाचतच नाही, सगळ्याच लोकरींना तेच लावलेले असतात. वाचायचे ते ग्रॅम आणि मीटर. १०० ग्रॅममध्ये ४०० मीटर म्हणजे मोज्यांची बारीक लोकर. २०० ते २५० मीटर म्हणजे मधली, स्वेटरची, जिला डीके म्हणतात. १०० मीटरच्या आसपास असेल तर जाडजूड, टोपी एका संध्याकाळी हातावेगळी. सुती धाग्याला मात्र हा हिशेब तसाच लावायचा नाही. कापूस लोकरीपेक्षा जड, त्यामुळे त्याच जाडीचा सुती धागा तेवढ्याच ग्रॅमात कमी मीटर भरतो.

माझ्या पॅटर्नला १२०० मीटर लागतात. एका लोकरीचा गुंडा ५० ग्रॅमचा, १२० मीटरचा, म्हणजे १० गुंडे. दुसरीची लडी १०० ग्रॅमची, २२५ मीटरची, म्हणजे ५ पुरत नाहीत, ६ घ्यायच्या. पहिल्या गुंड्याची किंमत बघून मन लगेच तिकडे झुकलं, पण मीटरमागे काय पडतं ते काढलं तर दुसरी स्वस्त. दुकानदार गुंड्याची किंमत मोठ्या अक्षरात देतो आणि मीटर कुठेतरी तळाशी, बारीक. स्वेटर मात्र मीटरनेच होतो.

मायक्रॉनचा, म्हणजे तंतूच्या जाडीचा आकडा दिलेला असला तर तोही बघावा. ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतू बरेच असतील तर लोकर कातडीला टोचते. मेरिनो मेंढीची लोकर साधारण २४ च्या आत असते, म्हणून गळ्याशी चालते. मेंढीचं नाव ऐकून भुलण्यापेक्षा हा आकडा बरा.

सहा पुरल्या असत्या, तरी सात मागवल्या. कारण रंगाच्या नंबराखाली आणखी एक नंबर असतो, लॉटचा. एका वेळी एका भांड्यातून रंगून निघालेली लोकर म्हणजे एक लॉट. पुढच्या खेपेला तोच रंग, तेच माप, तरी छटा केसभर हलते. सुटा गुंडा बघून ते कळणारही नाही, पण पाठीवर आडवी रेघ उमटली की लांबूनही दिसतं. मागाहून एक लडी मागवायची वेळ आली तर तोच लॉट मिळेलच असं नाही. मग दोन्ही लॉट दोन-दोन ओळी आलटूनपालटून विणत जायचं, म्हणजे रेघ विरघळते. त्यापेक्षा एक जास्तीची परवडली. ऑर्डरखाली लिहून टाकलं: सगळ्या लड्या एकाच लॉटच्या द्याव्यात.

रविवार

पार्सल आलं. सातही लड्यांवर एकच लॉट नंबर! रंग फोटोपेक्षा किंचित हिरवट, म्हणजे खरा मोरपंखी.

नवीन लोकर आली की वीतभर तुकडा जाळून बघायचा हा माझा शिरस्ता. स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून.

“आई, परत काहीतरी जाळतेयस?” आतून आवाज आला.

केस जळल्यासारखा वास आला म्हणजे लोकर. ज्योत बाजूला केली की आपोआप विझली, राख चिमटीत चुरली. अ‍ॅक्रिलिक असतं तर वितळून टोकाला कडक मणी झाला असता. (अ‍ॅक्रिलिकला मी नावं ठेवत नाही. लहान मुलांचे रोज धुवायचे कपडे त्याचेच बरे. पण लेबलावर लोकर लिहिलीय तर ती लोकर असावी.)

लडी थेट विणायला घेतली की गुंता ठरलेला. खुर्चीच्या पाठीला अडकवली, बांधलेले दोरे कापले आणि चार बोटांवरून सैल गुंडा केला. बोटं मध्ये ठेवूनच गुंडाळायचं, मग हळूच काढून घ्यायची. घट्ट गुंडाळलेली लोकर ताणलेलीच राहते, विणताना लांब दिसते आणि धुतल्यावर आखडते.

माप बघायला चार मिलिमीटरच्या सुईवर चौकोन विणला. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके हवेत, माझे २४ आले. दोन टाक्यांनी काय होतं असं वाटतं, पण २४२ टाक्यांचा घेर ११० ऐवजी जेमतेम १०१ सेंटिमीटर होतो. तो स्वेटर दुसऱ्याच कुणाच्या तरी मापाचा. जाडी सुई काढणार होते, पण थांबले. लेबलावर सुपरवॉश आहे. लोकरीच्या तंतूवरचे खवले बुजवलेले किंवा घालवलेले, म्हणून ती मशीनमध्ये धुतली तरी नमद्यासारखी घट्ट होत नाही. पण तेच खवले एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे ही लोकर धुतल्यावर पसरते. कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून चौकोन सपाट वाळत घातला.

सोमवार

वाळला. मोजला. २२!

चारचीच सुई. सुरुवात बाहीपासून करतेय. बाही म्हणजे मोठा चौकोनच, माप चुकलं तर उसवायलाही थोडकंच. मनगटाला ४८ टाके घातले, एक सुलट एक उलट, सहा सेंटिमीटर. मफलरच्या चार ओळी अजून तशाच आहेत.