केबल काढली तरी उत्तर येत होतं

गोव्यात डिचोलीच्या बाजारात एका वकिलांचं ऑफिस आहे. तीन संगणक, नेटवर्कवर लावलेला एक लेझर प्रिंटर आणि टायपिंगपासून फायली लावण्यापर्यंत सगळं सांभाळणारी एक मुलगी. जुलैत वकीलसाहेबांचा फोन आला, तो प्रिंटरबद्दल कमी आणि त्या मुलीबद्दल जास्त होता. "सकाळी प्रिंट येते, दुपारनंतर येत नाही. ती काहीतरी सेटिंग बिघडवते. शिवाय कागद किती फुकट घालवते ते येऊन बघा."

साखळीहून तिथे पोचलो तेव्हा साहेब कोर्टात गेले होते. वाया गेलेल्या लीगल साइझच्या कागदांचा गठ्ठा मात्र मला दाखवण्यासाठी टेबलावर काढून ठेवला होता. मी तो नीट चाळला. मुंडकाराचा, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा अर्ज होता, १९७५ च्या कायद्याखाली राहतं घर विकत घेण्यासाठी मामलेदारांकडे करतात तो. त्याच अर्जाच्या प्रतीवर प्रती, अक्षरं स्वच्छ, कुठे डाग नाही, कुठे कागद दुमडलेला नाही. ज्यांचा अर्ज होता त्या आजी बाहेर बाकावर बसल्या होत्या. एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा भिजू नये म्हणून त्यांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पदराखाली धरला होता.

मुलगी म्हणाली, "दादा, दुपारी प्रिंट दिली की प्रिंटर ऑफलाइन दाखवतो. काहीच येत नाही, म्हणून मी परत देते. मग दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केला की सगळं एकदम बाहेर पडतं."

एवढ्यावरच कागदाचा हिशोब लागला. विंडोजमधला स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा भाग, दिलेलं काम टाकून देत नाही, रांगेत धरून ठेवतो. प्रिंटर सापडला की साठलेलं सगळं सोडतो. म्हणजे दुपारी जितक्या वेळा प्रिंट दिली, तितक्या प्रती सकाळी पडणारच. यात तिचा निष्काळजीपणा कुठेच नव्हता, आणि तरी महिनाभर ती बोलणी खात होती. मला खरंच वाईट वाटलं. ऑफिसात यंत्र बिघडलं की त्याच्यासमोर बसलेल्या माणसावर आळ येतो. बहुतेक वेळा तो माणूस त्या ऑफिसात सगळ्यात कमी पगाराचा असतो, त्यामुळे उलट बोलतही नाही.

माझ्याआधी एक तंत्रज्ञ येऊन गेला होता. त्याने केबल बदलली, पिंग करून पाहिला, म्हणजे नेटवर्कवरून प्रिंटरच्या पत्त्याला नुसती हाक मारली, उत्तर आलं, आणि 'लाइन ठीक आहे, वापरणाऱ्याचा दोष' असं सांगून तो निघून गेला. आणखी कोणीतरी पावसाळ्यातल्या ओल्या कागदावर खापर फोडलं होतं. आमच्याकडे पावसाळ्यात कागद ओल धरतो, दोन-दोन कागद एकदम ओढले जातात, हे खरंच आहे. पण ओल्या कागदामुळे प्रिंटर ऑफलाइन होत नाही. ऑफलाइनचा अर्थ इतकाच की संगणकाने हाक मारली आणि त्याला हवं ते उत्तर मिळालं नाही.

सगळं सुरळीत असताना काय दिसतं ते मी आधी बघून घेतलं. प्रिंटरच्या बटणांवरून नेटवर्कच्या माहितीचा कागद काढला. नेटवर्कवरचा पत्ता १९२.१६८.१.५० (पुढे नुसतं ५० म्हणतो), हाताने कायमचा बसवलेला. त्याखाली मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राची स्वतःची ओळख. ब्राउझरमध्ये ५० चा पत्ता टाकल्यावर प्रिंटरचं पान उघडलं. मग एका संगणकावर त्याच पत्त्याला सतत पिंग लावून ठेवला. प्रत्येक उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत. वायरने जोडलेल्या यंत्राचं असंच असतं.

जेवणाच्या सुमाराला वकीलसाहेब आले. काळा कोट खुर्चीवर टाकला, फोन टेबलावर ठेवला, आजींना आत बोलावलं. थोड्याच वेळात पडद्यावरचे आकडे बदलले. ८७ मिलिसेकंद. मग १२. मग १४०. उत्तर एकदाही चुकलं नाही, पण उत्तर देणाऱ्याची चाल बदलली होती. इतकी वरखाली वाय-फायवरच्या उपकरणाची असते, त्यातही बॅटरी वाचवण्यासाठी मधूनमधून डुलकी घेणाऱ्या. मुलीला म्हटलं, आता प्रिंट दे. तिने दिली. ऑफलाइन.

"बघितलंत?" साहेब म्हणाले.

मी उठलो आणि प्रिंटरच्या मागची नेटवर्कची केबल काढून हातात घेतली. पिंग चालूच राहिला. ९३, ४०, ११०. प्रिंटर कशालाच जोडलेला नव्हता आणि त्याच्या पत्त्यावरून उत्तरं येत होती. साहेब खुर्चीतून उठून पडद्याजवळ आले. मुलगी तर माझ्या हातातल्या केबलकडेच बघत राहिली.

साहेबांना त्यांच्या भाषेत सांगितलं: कोर्टात शिपायाने नाव पुकारावं आणि त्याच नावाच्या भलत्याच माणसाने 'हजर' म्हणून उभं राहावं, तसं झालंय. हजेरी लागते, पण प्रकरणातलं तो काहीच सांगू शकत नाही. संगणक छापायचा मजकूर ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे त्या पत्त्यावरच्या ठरलेल्या दारावर पाठवतो. हा दुसरा गडी पिंगला उत्तर देतो, पण ते पोर्ट त्याच्याकडे नाहीच.

हा दुसरा कोण, ते शोधायला एआरपीचा तक्ता काढला, कुठल्या पत्त्यावर कुठला मॅक पत्ता आहे ते दाखवणारा. ५० समोरचा मॅक पत्ता प्रिंटरच्या कागदावरच्या पत्त्याशी जुळत नव्हता, आणि त्यातलं दुसरंच अक्षर होतं 'ई'. त्या जागी २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यात दिलेला नसून उपकरणाने स्वतः घेतलेला असतो. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन वाय-फायवर असा बनावट पत्ता वापरतात, खासगीपणा जपण्यासाठी. म्हणजे हा बहुतेक कोणाचा तरी फोन होता.

साहेबांनी लगेच मुलीकडे पाहिलं. तिने काही न बोलता आपल्या फोनचं वाय-फाय बंद केलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. पिंग चालूच. आजींच्या नातवाला विचारलं, तो या वाय-फायवर नव्हताच. राहिले साहेब. त्यांनी बंद केलं आणि पडद्यावर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'च्या ओळी येऊ लागल्या. परत चालू केलं, थोड्या वेळाने उत्तरं सुरू. त्यांनी स्वतःच आणखी एकदा बंद-चालू करून खात्री करून घेतली. उलटतपासणीची सवय असलेला माणूस तो.

मूळ जूनमध्ये होतं. वीज कडाडली त्या रात्री जुना राउटर जळाला आणि इंटरनेटवाल्याने नवा बसवला. जोडल्या जाणाऱ्या उपकरणांना पत्ते राउटर वाटतो. जुना राउटर १०० पासून पुढचे पत्ते वाटायचा, त्यामुळे प्रिंटरच्या ५० ला धोका नव्हता. नवा २ पासून २५४ पर्यंत सगळे वाटत होता. पावसात वीज पडेल म्हणून मुलगी घरी जाताना प्रिंटरचा मेन स्विच बंद करायची, आणि साहेब त्यानंतरही फोन घेऊन बसायचे. प्रिंटर झोपलेला, ५० रिकामा दिसला, राउटरने तो साहेबांच्या फोनला दिला आणि पुढे दर वेळी तोच देत राहिला. सकाळी साहेब कोर्टात असताना सगळं ठीक, ते आले की प्रिंटर गायब. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मी हे तोंडावर म्हटलं नाही. म्हणायची गरजही पडली नाही. साहेब तिला म्हणाले, "अगो, तुला उगीच बोललो मी." सगळ्यांसमोर म्हणाले, हे मला फार आवडलं.

दुरुस्ती साधी होती. राउटरचं वाटप १९९ वर थांबवलं, प्रिंटरला २४० दिला, आणि राउटरमध्ये त्याच्या मॅक पत्त्यापुढे २४० राखूनही ठेवला. स्पूलर थांबवून अडकलेली कामं पुसली, नाहीतर तेच अर्ज पुन्हा पडले असते. मग प्रत्येक संगणकावर नव्या पत्त्याचा टीसीपी-आयपी पोर्ट जोडायचा. दोन मी केले. तिसऱ्यावर मुलगी म्हणाली, मला करू दे, आणि न अडखळता केला. आजींचा अर्ज साहेबांचं वाय-फाय चालू असतानाच छापला, मुद्दाम. नातू तो घेऊन मामलेदार कचेरीकडे निघाला, आजी त्याच्या छत्रीखाली.

राउटर पुन्हा कधी जळला तर नव्यात यातलं काहीच नसणार. म्हणून पत्ते, वाटपाची हद्द आणि प्रिंटरचा मॅक पत्ता तिच्या वहीत लिहून दिला. इंटरनेटवाला आला की त्याने आधी तिला विचारायचं आणि मगच हात लावायचा, असं साहेबांनी तिथेच सांगून टाकलं.