उजव्या कोपऱ्यात काय लिहिलंय?

पुण्यात खराडीच्या कॉल सेंटरात संध्याकाळी साडेसातला लॉगइन, म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे दहा. प्रोसेस इनबाउंड. तिकडे रेडिओवर जाहिरात लागायची, ‘कर थकलाय? आम्ही कमी करून देतो’, आणि लोक आपणहून फोन करायचे. म्हटलं, शिव्या तरी खाव्या लागणार नाहीत.

कसलं काय! हॅलो म्हटलं की पहिला प्रश्न, ‘तू कुठून बोलतोयस?’ 2016च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे टाकले. तिथली पोरं आयआरएसचे, म्हणजे तिकडच्या कर खात्याचे, अधिकारी बनून अमेरिकनांना अटकेची धमकी द्यायची. त्यांचं उधार आम्ही फेडत होतो. माणूस स्वतः फोन करायचा आणि स्वतःच फोन आपटायचा.

जे थांबायचे त्यांना मी विचारायचो, ‘नोटिशीच्या उजव्या कोपऱ्यात काय लिहिलंय?’ सीपी14 म्हणजे पहिली मागणी, दमानं घ्यायचं. एलटी11 ऐकलं की मीच खुर्चीत सरळ बसायचो: सुनावणी मागायला नोटिशीच्या तारखेपासून 30 दिवस, नाहीतर पगारावर, बँक खात्यावर टाच. बहुतेकांनी पाकिटं फोडलेलीच नसायची. एक ट्रकवाला फोनवरच एकेक फाडत बसला होता. कागदाचा टर्रकन आवाज, मग नुसता श्वास.

सगळ्यांना हवी असायची ‘ऑफर इन कॉम्प्रोमाइज’, म्हणजे तडजोड: थोडं भरायचं, बाकी माफ. पण आयआरएस घर, गाडी, कमाई, खर्च सगळं मांडून बघतं. पूर्ण वसुली होण्यासारखी असेल तर सहसा सूट नाही. आमच्या स्क्रिप्टमध्ये हे वाक्य शेवटी, तेही घाईत. आधी ‘तपासणी’ची फी कार्डावर घ्यायची. पुढचं काम अमेरिकेतले वकील नि एनरोल्ड एजंट, म्हणजे आयआरएसपुढे लोकांची बाजू मांडायचा परवाना असलेले कर सल्लागार, बघणार. आमचा संबंध कार्डाच्या नंबरापुरता.

तिसऱ्या महिन्यात एका निवृत्त बाईंचा फोन आला. थकबाकी 9 हजार डॉलर, रिटर्न सगळे भरलेले. ‘फी भरली की कर कमी होईल ना?’ मी नाही म्हणालो. 50 हजारांच्या आत असेल तर आयआरएसच्या वेबसाइटवर स्वतःच हप्ते बांधून घेता येतात, तेव्हा 72 महिन्यांपर्यंत मिळायचे, हेही सांगितलं. त्यांनी सावकाश सगळं लिहून घेतलं.

नेमका तोच कॉल क्यूएनं, म्हणजे कॉल तपासणाऱ्यानं, ऐकला. टीएल, म्हणजे टीम लीडर, म्हणाला, ‘अरे, सेल्समध्ये आहेस की धर्मशाळेत?’ त्या महिन्याचा इन्सेन्टिव गेला.

घरभाडं होतं, म्हणून आणखी पाच महिने काढले. ‘हे तुम्ही स्वतःही करू शकता’ हे वाक्य फीच्या आधी हळूच सरकवायला शिकलो. गंमत म्हणजे सेल थोडे घटले, बंद पडले नाहीत. काहींना फॉर्मचं तोंडच बघायचं नव्हतं, पाकीट दुसऱ्या कुणीतरी फोडावं एवढंच हवं होतं. दिवाळीनंतर पेपर टाकले.