वाशांना काजूचं तेल, पण कधी आणि कसं

कोकणातल्या कौलारू घरांच्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावायची रीत जुनी आहे. बोटींनाही तेच लावतात. त्यातल्या अॅनाकार्डिक आम्लामुळे कीड दूर राहते, पण त्यानेच कातडीवर फोड येतात. म्हणून आधी हातांना खोबरेल चोळा, वर रबरी मोजे घाला.

लाकूड खडखडीत सुकलेलं हवं, त्यामुळे काम मार्च ते मे महिन्यांतच करावं. ओल्या वाशावर तेल वरच बसतं, आत ओल कोंडते आणि बुरशी धरते. जुना रंग किंवा व्हार्निश आधी घासून काढा, नाहीतर सगळी मेहनत फुकट. पहिल्या हाताला निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन. दोन-तीन दिवसांनी दुसरा हात. सगळ्यात जास्त तेल वाशांच्या कापलेल्या टोकांना आणि भिंतीत शिरणाऱ्या भागाला पाजा. लोक नेमकं तेच विसरतात! तेलाने लाकूड काळपट होतं, हेही आधीच लक्षात घ्या.

भोकांतून पिठासारखा भुसा गळत असेल, तर आत अळ्या आहेत. वरून तेल लावून त्या मरत नाहीत. सिरिंजने भोकात कडुनिंबाचं तेल सोडून मेणाने बुजवा. नवा भुसा दिसला की पुन्हा तेच. कडुनिंबाचा असर उन्हात लवकर उतरतो, म्हणून ओसरीच्या खांबांसाठी मी ते सुचवणार नाही.

वाळवीचं वेगळं. ती मातीतून येते आणि तेलावरूनही मातीची नळी बांधते. जोत्यावरच्या नळ्या दर पंधरवड्याला मोडा.