टर्न त्याचा, पण आधी ट्रिगर प्रतिस्पर्ध्याचे

'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धांमध्ये जज म्हणून काम करताना प्रायॉरिटीच्या, म्हणजे चाल करण्याची संधी आधी कोणाची याच्या, प्रश्नांसाठी मला नेहमीच बोलावले जाते, त्या दिवशी मात्र माझ्या उत्तरावर अख्खा सामना अडला होता.

दोघांपुढेही ब्लड आर्टिस्ट नावाचा एकेक क्रीचर, म्हणजे लढणारे पात्र, होता. कोणताही क्रीचर मेला, अगदी तो स्वतः मेला तरी, हे कार्ड निवडलेल्या खेळाडूचे एक लाइफ घटवते आणि आपल्या मालकाचे एक वाढवते. ज्याचा टर्न चालू होता त्याचे लाइफ ३ होते, प्रतिस्पर्ध्याचे २, आणि तिसरा क्रीचर म्हणून एक टोकन (कार्डाऐवजी खूण म्हणून ठेवलेले पात्र) होते. टर्न असलेल्याने उरलेल्या सगळ्या लँड (ताकद पुरवणारी कार्डे) टॅप करून, म्हणजे वापरून, डॅमनेशन हे सगळे क्रीचर मारणारे कार्ड खेळले आणि तिन्ही क्रीचर एकदमच मेले. एकत्र मरणारे आर्टिस्ट एकमेकांचा मृत्यूही मोजतात, त्यामुळे प्रत्येकाचे तीन ट्रिगर, म्हणजे घटनेमुळे आपोआप सुरू होणारे परिणाम, झाले.

"टर्न माझा आहे, म्हणजे आधी माझे ट्रिगर," असे तो ठामपणे म्हणाला, आणि त्याच्या म्हणण्याचा अर्धा भाग अगदी बरोबर होता. ट्रिगर स्टॅकवर, म्हणजे लागू होण्याची वाट पाहणाऱ्या परिणामांच्या ढिगावर, ठेवताना पहिला मान टर्न असलेल्याचाच असतो. पण १९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीबरोबर आलेला हा स्टॅक वरून खाली सुटतो, म्हणून जो नंतर ठेवतो त्याचे आधी लागू होते. प्रत्येक ट्रिगर सुटल्यावर प्रायॉरिटी पुन्हा टर्न असलेल्याकडे येते, म्हणजे उत्तर देण्याची संधी त्याला मिळत होती; परंतु लँड टॅप झालेल्या असल्याने त्याच्याकडे करण्यासारखे काही उरले नव्हते. प्रतिस्पर्ध्याचा तिसरा ट्रिगर सुटताच टर्न असलेल्याचे लाइफ शून्यावर आले. प्रायॉरिटी कोणालाही मिळण्याआधी खेळाची स्थिती तपासली जाते आणि शून्य लाइफ असलेला खेळाडू तिथेच हरतो, त्यामुळे त्याचे तिन्ही ट्रिगर तळाशी तसेच राहिले.

त्याने अपील केले, जो त्याचा हक्कच होता. हेड जजने दोघांचे म्हणणे शांतपणे ऐकून निर्णय कायम ठेवला. हा नियम मला न्याय्य वाटतो, कारण टर्न असलेल्याकडे क्षण निवडण्याची मोकळीक असते आणि समोरच्याकडे ती बहुधा नसते.

सामना संपल्यावर त्याने मला विचारले, हेच प्रतिस्पर्ध्याच्या टर्नमध्ये घडले असते तर? तेव्हा त्याचे ट्रिगर वर असते, आणि दुसऱ्याच ट्रिगरला प्रतिस्पर्धी शून्यावर आला असता.