जुन्या बाजारातला अकराशे

संग्रहात नोकिया ११०० नव्हता, ती रुखरुख आज संपली. पुण्याच्या जुन्या बाजारात चार्जरांच्या गुंत्याखाली सापडला. २००३ साली आलेला हा फोन जगभरात २५ कोटींच्या आसपास विकला गेला. घडवलाच होता आपल्यासारख्या देशांसाठी. धूळ आत जाऊ नये म्हणून अखंड रबरी कीपॅड, घामेजल्या हातातून निसटू नये म्हणून खडबडीत कडा, आणि वर ती टॉर्च! लोडशेडिंगच्या कितीतरी रात्री आईने त्याच उजेडात भाकऱ्या थापल्यात. त्याच वर्षी इनकमिंग फुकट झालं. त्याआधी आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे, हे आताच्या पोरांना खरं वाटत नाही.

बीएल-५सी बॅटरी आजही नवी मिळते. नॅनो सिमला अ‍ॅडाप्टर लावला आणि रेंज आली! पहिला फोन आईलाच केला. "अगं, अकराशेवरून बोलतोय," म्हटलं, तर म्हणाली, "टॉर्च लागते का बघ आधी."

लागते.

आता ३३१० शोधतोय, चालू स्थितीतला, मूळ कव्हरसकट. कुणाच्या ड्रॉवरमध्ये पडून असेल तर भंगारात देऊ नका, मला कळवा. येऊन घेऊन जाईन.